‘सर्व घटक मर्यादेत’ : कोळसा खाणीभोवतीच्या भूजल अहवालाला विचारायचे प्रश्न

कोळसा खाणीच्या पर्यावरण अहवालात भूजलाचा तक्ता बहुधा एका पानात आटोपतो. डावीकडे घटकांची नावे, मधे चार-पाच विहिरींचे आकडे, उजवीकडे पिण्याच्या पाण्याची मर्यादा आणि तळाशी एक ओळ : ‘सर्व घटक मर्यादेत आढळले.’ ती वाचून खाणवाले निश्चिंत होतात, नियामक फाइल पुढे सरकवतात, आणि आसपासच्या गावांचा मात्र विश्वास बसत नाही. या तिघांत गावांची शंका शास्त्राच्या सर्वांत जवळ असते, भले ती त्यांना आकड्यांत मांडता येत नसेल. त्या तक्त्याने उत्तर दिलेले असते ते एवढ्याच प्रश्नाचे : त्या दिवशी त्या बाटलीतले पाणी पिण्यालायक होते का? खाणीशेजारी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. खाणीमुळे जमिनीखालचे पाणी बदलू लागले आहे का, कुठल्या बाजूने, किती वेगाने, आणि अजून ते रोखता येईल का? पाणी पिण्यालायक असतानाच बदलू लागलेलेही असू शकते. बरीच वर्षे दोन्ही एकदम खरे असते, आणि हाती काही करण्यासारखे असते ते नेमके त्याच वर्षांत.

आकड्यांतच पाहू. समजा, खाण सुरू होण्यापूर्वी एका विहिरीत सल्फेट सरासरी लिटरमागे ४० मिलिग्रॅम होते आणि ऋतूनुसार त्याचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून नेहमी होणारी चढउतार, ८ मिलिग्रॅम होते. पुढे खाणीतून पाझरणाऱ्या पाण्यामुळे ते वर्षाला १२ मिलिग्रॅमने वाढू लागले. अनेक देशांत सल्फेटची मर्यादा २५० आहे. तिथवर पोचायला या विहिरीला साडेसतरा वर्षे लागतील, आणि तोवरचे सगळे तिमाही अहवाल, म्हणजे सत्तर अहवाल, ‘मर्यादेत’ म्हणतील. त्यातला एकही खोटा नसेल. आता मर्यादेची पट्टी बाजूला ठेवून त्याच विहिरीच्या मूळ स्थितीची पट्टी लावा : सरासरी अधिक तीन प्रमाण विचलने, म्हणजे ६४. ही रेषा दुसऱ्याच वर्षी ओलांडली जाते. विहीर तीच, बाटली तीच, प्रयोगशाळा तीच. फरक पंधरा वर्षांचा. या लेखातला मुख्य आग्रह एवढाच आहे की खाणीभोवतीची देखरेख बदल पकडण्यासाठी उभी करावी. बाकीचे सगळे, म्हणजे विहिरी कुठे, बाटली कशी भरायची, पैसे कोणी द्यायचे, त्यातूनच ठरते.

सल्फेटचेच उदाहरण घेण्यामागे कारण आहे. कोळशात आणि त्याच्या वरखालच्या शेल या चिखलाच्या खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, कमीअधिक असतेच. जमिनीखाली पाण्यात बुडालेले, प्राणवायूपासून तुटलेले ते लाखो वर्षे निवांत पडून असते. उत्खननाने खडक फुटतो, पंपांमुळे पाणीपातळी उतरते, हवा आत शिरते आणि पायराइट कुजायला लागते. त्यातून सल्फ्युरिक आम्ल आणि विरघळलेले लोह सुटते. पीएच उतरला की लोहावर जगणारे जिवाणू कामाला लागतात. आम्लधर्मी पाण्यात नुसत्या हवेने अतिशय संथ होणारे फेरस लोहाचे ऑक्सिडीकरण ते सुमारे दहा लाख पट वेगाने उरकतात, आणि असे तयार झालेले फेरिक लोह उरलेल्या पायराइटवर तुटून पडते. आम्लाचा हिशोब सरळ आहे : एक टन खडकात पायराइटच्या रूपातले गंधक १ टक्का असेल, तर त्यातून निघणारे आम्ल मारायला ३१.२५ किलो चुनखडी लागते.

खडकात तेवढी चुनखडी असली की आम्ल जागच्या जागी मरते, आणि घोटाळा इथेच होतो. पीएच ७ च्या आसपास राहतो, लोहाचा गाळ होऊन ते खाली बसते, पाणी नितळ दिसते, अहवालात ‘आम्लता नाही’ अशी समाधानाची नोंद पडते. पण आम्ल मेले तरी सल्फेट मरत नाही. ते पाण्याबरोबर पुढे चालत राहते, चुनखडीतून सुटलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाणी जड करतात, मँगनीजही बरेचदा विरघळलेलेच राहते. अशा खाणीत पीएचवर विसंबलेली देखरेख आंधळी असते. तरी नियमांना पीएचचे प्रेम फार. अमेरिकेच्या १९७७ च्या खाणकाम कायद्याखालील नियमांत भूजलासाठी दर तीन महिन्यांनी मोजायची किमान यादी आहे ती अशी : विरघळलेले एकूण क्षार किंवा विद्युतवाहकता, पीएच, लोह, मँगनीज आणि पाणीपातळी. सल्फेट त्यात नाही. यादी ‘किमान’ असल्यामुळे नियामक ती वाढवू शकतो, हे खरे; पण किमान म्हणून लिहिलेली यादी कमाल होऊन बसायला वेळ लागत नाही.

सल्फेटची खरी किंमत ते पुढे धावते यात आहे. आर्सेनिक, शिसे, जस्त हे घटक मातीच्या आणि लोहाच्या कणांना चिकटत चिकटत येतात, म्हणून मागे रेंगाळतात. सल्फेट जवळपास पाण्याच्याच वेगाने येते. तो जासूद आहे. तो ओळखला तर मागून येणाऱ्या फौजेची तयारी करायला अवधी मिळतो. अर्थात हा जासूदही कधी गायब होतो. खोल, प्राणवायूविरहित कोळशाच्या थरांत जिवाणू सल्फेटचे सल्फाइड करून टाकतात. मग पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, बायकार्बोनेट वाढते आणि सल्फेट शून्याजवळ दिसते. म्हणून एकट्या आकड्यावर निकाल देऊ नये. बायकार्बोनेट, क्लोराइड आणि रेडॉक्स विभव (पाण्यात ऑक्सिडीकरणाची स्थिती किती आहे ते सांगणारे माप) सोबत हवेच. क्लोराइडचा आणखी एक उपयोग असा की सांडपाणी मिसळत असेल तर सल्फेटबरोबर क्लोराइड आणि नायट्रेटही चढतात. क्लोराइड स्थिर आणि सल्फेट एकटेच चढते आहे, असे दिसले तर बोट खाणीकडे वळते.

बाकीचे सूचक खाणीच्या कामाप्रमाणे निवडावेत. सुरुंगासाठी वापरले जाणारे एएनएफओ म्हणजे सुमारे ९४ टक्के अमोनियम नायट्रेट आणि ६ टक्के इंधन तेल. ओल्या छिद्रात ते नीट न फुटता विरघळले की नायट्रेट आणि अमोनिया खडकात राहतो. रिकाम्या खाणीत वीजकेंद्राची राख भरली जात असेल तर बोरॉन मोजलाच पाहिजे, कारण राखेतून तो सहज सुटतो आणि लवकर पोचतो. त्यासोबत आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम. सेलेनियमला हलके घेऊ नये. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या एल्क खोऱ्यात खाणीच्या दगडांच्या ढिगांतून झिरपलेल्या पाण्याने सेलेनियम नद्यांपर्यंत नेले, आणि २०२१ मध्ये त्यापायी ६ कोटी कॅनेडियन डॉलरचा दंड झाला. त्या दगडांच्या ढिगांना खाणीत ओबी डंप म्हणतात आणि कामाचे सगळे लक्ष कोळशावर असल्याने ते दुर्लक्षित राहतात. भूजलाच्या दृष्टीने मात्र अनेकदा खाणीपेक्षा डंप जास्त धोकादायक असतो. त्यातला खडक फुटलेला असतो, हवा खेळती असते आणि पाऊस थेट आत उतरतो.

आता विहिरींकडे येऊ, कारण बहुतेक देखरेख इथेच मोडते. नमुने घेतले जातात ते असलेल्या विहिरींतून, जी विहीर रस्त्यालगत आणि जिचा मालक नाही म्हणत नाही अशा ठिकाणी. सहा मीटर व्यासाच्या उघड्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते ११३ घनमीटर, म्हणजे एक लाख तेरा हजार लिटर होते. ते उपसून जमिनीतले ताजे पाणी मिळवणे नमुना घेणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे. त्यात पावसाचे पाणी मिसळलेले, हवेशी सतत संपर्क आलेला, लोह केव्हाच गाळ होऊन तळाशी गेलेले. अशा विहिरीत लोह कमी दिसले तर त्यावरून जलधराबद्दल, म्हणजे जमिनीखाली पाणी धरणाऱ्या थराबद्दल, काहीही सिद्ध होत नाही. गावाचे पिण्याचे पाणी म्हणून ती विहीर तपासावीच, पण तिला निरीक्षण विहीर म्हणू नये.

खोल कूपनलिकेची फसवणूक याहून सफाईदार आहे. शंभर मीटरच्या, वरचा भाग सोडून खालपर्यंत उघड्या छिद्रात तीन-चार थरांचे पाणी एकत्र येते. समजा एका थरातून एकूण पाण्याचा दहावा हिस्सा येतो आणि त्यात सल्फेट २००० मिलिग्रॅम आहे. उरलेल्या नऊ हिश्श्यांत ते ५० आहे. मिश्रण होते २४५. मर्यादा २५०. एक थर पूर्ण बिघडलेला आहे आणि अहवाल म्हणतो, ठीक आहे. शिवाय असे उघडे छिद्र स्वतःच नळीसारखे काम करते आणि घाण पाणी वरच्या थरातून खालच्या थरात उतरवते. मोजायला गेलो आणि पसरवून आलो, असा प्रकार.

निरीक्षण विहीर एका थरासाठी एकच असावी. तीन थर तपासायचे असतील तर तीन विहिरी शेजारी शेजारी. ५० मिलिमीटरची पीव्हीसी नळी, आट्यांनी जोडलेली. सांध्यांना चिकटद्रव लावू नये, त्यातली सेंद्रिय रसायने नमुन्यात उतरतात. फटींचा भाग नेमक्या थरासमोर, त्याभोवती धुतलेल्या वाळूचे वेष्टन, त्यावर निदान अर्धा ते एक मीटर बेंटोनाइटचा (पाण्याने फुगणाऱ्या मातीचा) बांध, त्यावर सिमेंटचे भरण, वर कुलूपबंद झाकण. बेंटोनाइट कमी पडले आणि सिमेंट वाळूत उतरले की त्या विहिरीचा पीएच १० च्या वर जातो आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो. मग ती विहीर खाण सोडून फक्त सिमेंटची बातमी देते. विहीर खणल्यावर गढूळपणा जाईपर्यंत ती उपसून स्वच्छ करणे हाही कंटाळवाणा म्हणून टाळला जाणारा भाग.

एवढ्या विहिरींचा खर्च कोण करणार, असा आक्षेप इथे ठरलेला. पण कोळसा किती आहे हे शोधताना त्याच जमिनीत खाणवाल्यांनी ढीगभर छिद्रे आधीच पाडलेली असतात. त्यांतली निवडक छिद्रे पीझोमीटरमध्ये, म्हणजे एका थराची पातळी मोजणाऱ्या नळीच्या विहिरींमध्ये, बदलणे नवी खणण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, आणि उरलेली नीट बुजवणे तसेही गरजेचे असते. कोळसा मोजण्यासाठी शेकडो छिद्रे परवडतात आणि पाणी मोजण्यासाठी बारा परवडत नाहीत, हा युक्तिवाद ऐकून घेण्याचे कारण नाही.

विहिरी कुठे, हे वेळ ठरवतो. भूजलाचा वेग काढायला पारगम्यता (खडक पाणी किती सहज जाऊ देतो) गुणिले पातळीचा उतार, भागिले सच्छिद्रता (खडकातल्या पोकळीचा हिस्सा), एवढे पुरते. पारगम्यता दिवसाला १ मीटर, उतार हजार मीटरला ५ मीटर आणि सच्छिद्रता १० टक्के असेल तर पाणी दिवसाला ५ सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे १८ मीटर चालते. डंपपासून ५०० मीटरवरच्या विहिरीत बदल दिसायला २७ वर्षे लागतील. ती विहीर दहा वर्षे स्वच्छ आहे म्हणून शाबासकी घेणे म्हणजे आगगाडी सुटण्याआधीच ‘अपघात झाला नाही’ म्हणण्यासारखे आहे. याउलट भेगाळलेल्या खडकात पाणी नेणारी सच्छिद्रता १ टक्का असेल तर तोच प्रवास तीन वर्षांच्या आत होतो. म्हणून देखरेखीच्या आराखड्यात प्रत्येक विहिरीपुढे एक आकडा लिहिलेला असावा : स्रोतापासून इथवर पाणी यायला अपेक्षित वर्षे. पहिली फळी एक-दोन वर्षांच्या अंतरावर, दुसरी फळी गावाच्या विहिरी आणि खाण यांच्या मधे. हा रकाना ज्या आराखड्यात नाही तो आराखडा परत पाठवावा.

दिशाही गृहीत धरू नये. ती ठरवायला एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींची पातळी लागते, आणि पातळी म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, जमिनीपासूनची खोली नव्हे. नळीच्या तोंडावरची खूण सर्वेक्षण करून पक्की केलेली असावी. दुरुस्तीत कुणी नळीला ३० सेंटिमीटरचा तुकडा जोडला आणि नवी उंची नोंदवली नाही, तर मघाशी धरलेल्या उतारानुसार शंभर मीटरमागे जो अर्धा मीटर फरक शोधायचा त्यातला निम्म्याहून जास्त भाग या चुकीने खाल्ला. कागदावर पाणी भलतीकडे वाहू लागते.

या सगळ्यात एक गोष्ट आहे जी खाणीच्या बाहेर क्वचितच उघडपणे सांगितली जाते. खाण चालू असताना पंप सतत पाणी उपसतात, त्यामुळे आसपासचे भूजल खाणीकडे ओढले जाते. म्हणजे त्या काळात शेजारच्या विहिरी आटतात, पण सहसा बिघडत नाहीत. बिघडलेले पाणी खाणीच्या सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या खड्ड्यात, जमते आणि तिथून नाल्यात सोडले जाते. अपवाद डंप, कोळसा धुण्याच्या पाण्याचे तलाव आणि सोडलेल्या पाण्याचे नाले यांचा. ते या ओढीच्या कक्षेबाहेर असले तर झिरपा बाहेर जाऊ शकतो. त्यामुळे कार्यकाळात परिघावरच्या विहिरींचे आकडे चांगले येणे हे बऱ्याच अंशी पंपांचे श्रेय असते. खाण बंद होते, पंप थांबतात, पाणीपातळी पुन्हा चढते, आणि इतकी वर्षे कोरड्या भिंतींवर साचलेले सल्फेटयुक्त क्षार त्या पाण्यात एकदम विरघळतात. मग उतार उलटतो आणि ते पाणी बाहेरच्या वाटेला लागते. पॉल यंगर या ब्रिटिश जलभूवैज्ञानिकांनी जुन्या खोल खाणींच्या अभ्यासातून एक ठोकताळा मांडला : ही पहिली घाण धुऊन जायला पातळी भरायला लागलेल्या काळाच्या साधारण चौपट काळ लागतो. दहा वर्षांत भरलेल्या खाणीला चाळीस वर्षे.

आता देखरेखीचे वेळापत्रक आठवा. ती खाणीच्या परवान्याबरोबर सुरू होते आणि खाण बंद झाल्यावर थोड्याच वर्षांत संपते. सर्वांत महाग आणि नेटकी देखरेख त्या काळात, जेव्हा पाणी आत वाहते. आणि पाणी बाहेर वाहू लागते तेव्हा विहिरींना कुलूपही उरलेले नसते.

हे टाळता येत नाही असे नाही. जर्मनीत रूर खोऱ्यातली शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, पण खाणपाणी उपसणे आणि भूजलाची निगा ही कामे ‘चिरंतन’ धरली गेली आणि त्यांचा खर्च उचलायला २००७ मध्येच एक प्रतिष्ठान स्थापले गेले. ब्रिटनमध्ये बंद पडलेल्या खाणींचे पाणी शुद्ध करणारी ७५ हून अधिक केंद्रे सरकारी संस्था चालवते. दोन्हीकडची किंमत प्रचंड आहे. पण तिथे ती निदान कुणाच्या तरी नावावर लिहिलेली आहे.

बाटली भरण्याचे काम वरवर क्षुल्लक वाटते, आणि निकाल तिथेच ठरतो. नळीत साचलेले पाणी जलधराचे नव्हे. ५० मिलिमीटरच्या नळीत १० मीटर पाणी म्हणजे जेमतेम २० लिटर. जुन्या पद्धतीने त्याच्या निदान तिप्पट, म्हणजे ६० लिटर उपसावे लागतात. हल्ली त्यापेक्षा मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्या मंद गतीने पंप चालवून वाट पाहणे चांगले मानतात. तीन ते पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या सलग तीन वाचनांत पीएच ०.१ च्या आत, विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत आणि रेडॉक्स १० मिलिव्होल्टच्या आत स्थिरावला, की मगच बाटली धरायची. ही वाचने लिहिलेला क्षेत्रतक्ता अहवालासोबत नसेल तर नमुना कशाचा आहे हे कुणीही सांगू शकत नाही. बादलीसारखा बेलर खाली आपटून भरलेला नमुना गढूळ येतो, आणि त्यातले लोह अवाच्या सवा निघते. अशी चूक खाणीविरुद्धही जाते हे खाणवाल्यांनी लक्षात घ्यावे. काळजीपूर्वक नमुना दोन्ही बाजूंना वाचवतो.

धातूंसाठीचा नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचा आणि मग नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा. क्रम उलटला, आधी आम्ल आणि नंतर गाळणे, तर गाळातले धातू विरघळून पाण्यातले म्हणून मोजले जातात. दोन्ही टाळून नुसतीच बाटली भरून नेली तर उलट होते : काही तासांत लोहाचा तांबूस गाळ बसतो आणि आर्सेनिकलाही सोबत घेऊन जातो, प्रयोगशाळेला मिळते ते छान पाणी. सल्फेटची बाटली वेगळी, आम्ल न घालता थंड ठेवायची. नायट्रेट-अमोनियासाठी सल्फ्युरिक आम्ल घातलेली बाटली चुकून सल्फेटला वापरली तर काय होईल हे सांगायला नको. क्षारता शक्यतो जागेवर मोजावी, कारण कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच सरकतो. दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना, म्हणजे त्याच विहिरीची दुसरी बाटली, आणि प्रत्येक फेरीत निदान एक कोरी बाटली, म्हणजे शुद्ध पाणी त्याच गाळणीतून आणि त्याच हातांतून गेलेले.

प्रयोगशाळेचा अहवाल आला की कॅल्क्युलेटर असलेला कुणीही दोन तपासण्या करू शकतो. पहिली ‘बीडीएल’ या शब्दाची. ‘बीडीएल’ म्हणजे मोजता येण्याच्या सीमेखाली. ती सीमा कुठली? जागतिक आरोग्य संघटनेची आर्सेनिकसाठीची मार्गदर्शक पातळी ०.०१ मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेची सीमा ०.०५ असेल तर तिचे बीडीएल म्हणजे ‘आम्हाला दिसले नाही’, आणि पाचपट दोषही त्यात लपतो.

दुसरी तपासणी आयनांच्या, म्हणजे विरघळलेल्या भारित कणांच्या, तोलाची. पाण्यात धन आणि ऋण भार सारखे असलेच पाहिजेत. समजा कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम ३६, सोडियम ४६ मिलिग्रॅम आहे. त्यांना अनुक्रमे २०.०४, १२.१५ आणि २२.९९ या तुल्यभारांनी, म्हणजे एका भारामागच्या वजनांनी, भागले की बेरीज ८.९६ येते. बायकार्बोनेट ३०५, क्लोराइड ७१, सल्फेट ७२ ला ६१.०२, ३५.४५ आणि ४८.०३ ने भागले की ८.५० येते. फरक भागिले दोन्हींची बेरीज, म्हणजे २.६ टक्के, ५ टक्क्यांच्या आत, म्हणून चालेल. याच अहवालात सल्फेट ७२ ऐवजी १७ छापले असते तर तफावत जवळपास १० टक्क्यांवर गेली असती आणि चूक, किंवा चलाखी, उघडी पडली असती. पण हा तोल काढायला सोडियम, बायकार्बोनेट सगळे छापलेले असावे लागते. ज्या अहवालात फक्त ‘महत्त्वाचे’ सहा घटक असतात तो तपासता येऊ नये अशाच बेताचा असतो, हेतू असो वा नसो.

सततच्या नोंदी घेणारे लॉगर हे या सगळ्यावर उत्तर म्हणून विकले जातात. त्यांची जागा आहे : भेगाळ खडकात पावसानंतर काही दिवसांत निघून जाणारी लाट तिमाही बाटलीला कधीच सापडत नाही, तासातासाची विद्युतवाहकता ती पकडते. पण लॉगरवर लोहाचा थर चढतो, वाचन हळूहळू घसरते. दर फेरीला १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणात बुडवून तपासले नाही तर सुबक आलेखात सुबक चूक दिसते. बंद प्रकारचा पातळी-लॉगर हवेचा दाबही मोजतो. १० हेक्टोपास्कलचा फरक वजा केला नाही तर पाणी १० सेंटिमीटर चढले-उतरले असे वाटते. आणि विद्युतवाहकतेला आर्सेनिक दिसत नाही.

धोक्याच्या रेषा आधी ठरवाव्यात, आणि त्यांच्याशी कृतीही आधीच बांधावी. त्यासाठी खाणीआधीचे निदान एक, शक्यतो दोन पूर्ण जलवर्षांचे आकडे, प्रत्येक विहिरीचे आठ तरी नमुने हवेत. एका पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा भरलेल्या बाटलीला मूळ स्थिती म्हणत नाहीत. खाण आधीपासूनच चालू असेल तर उताराच्या वरच्या बाजूच्या विहिरींशी तुलना करावी लागते, मात्र पंपांच्या ओढीत त्याही आलेल्या असतात हे विसरू नये. पहिल्या रेषेला, सरासरी अधिक दोन विचलनांना, पुन्हा नमुना. दुसरीला, तीन विचलनांना, सलग दोनदा ओलांडली गेल्यास स्रोताचा शोध, डंपवरचे पाणी वळवणे, अडवणाऱ्या विहिरी सुरू करणे, आणि बाधित घरांना पर्यायी पाणी, प्रत्येकाला दिवसांची मुदत.

‘सलग दोनदा’ ही सवलत खाणीला देणे न्याय्यच आहे. दहा विहिरी, वीस घटक, वर्षाला चार फेऱ्या म्हणजे ८०० आकडे. प्रत्येकात निव्वळ योगायोगाने चुकण्याची शक्यता १ टक्का धरली तरी वर्षाला आठ खोटे इशारे येतील. प्रत्येक इशाऱ्यावर खाण थांबवा म्हणणारे आणि प्रत्येक इशारा योगायोग म्हणून सोडणारे, दोघांच्याही हाती व्यवस्था देता येत नाही. कृती आधीच लिहिलेली असली की ती वेळ येत नाही.

राहिला पैशांचा आणि हातांचा प्रश्न. आज बहुतेक ठिकाणी ज्याच्यावर देखरेख करायची तोच सल्लागार नेमतो, तोच त्याचे बिल चुकवतो. यात सगळे अप्रामाणिक असतात असे मुळीच नाही. पण जो सल्लागार चौथी विहीर खणायचा आग्रह धरतो त्याला पुढच्या वर्षी बोलावणे येईलच असे नाही, आणि ही गोष्ट त्याला माहीत असते. खाणीने उत्पादनाच्या प्रमाणात पैसे एका निधीत भरावे, प्रयोगशाळा निधीने निवडावी, आणि प्रयोगशाळेला न सांगता अधूनमधून माहीत असलेल्या तीव्रतेचा नमुना इतरांत मिसळून पाठवावा. गावाने मागितला तर प्रत्येक नमुन्याचा दुसरा हिस्सा सीलबंद मिळावा. कच्चे आकडे, क्षेत्रतक्ते, विहिरींचे थरलेख (खोलीनुसार खडकाच्या थरांची नोंद) आणि नळीच्या तोंडांच्या उंच्या महिन्याभरात सर्वांना खुल्या व्हाव्यात, आणि त्या संगणकाला वाचता येतील अशा रूपात; पानांचे फोटो नकोत. लोक आकड्यांचा चुकीचा अर्थ लावतील ही भीती अनेक अधिकारी बोलून दाखवतात. लावतीलही. पण आकडे दडवून ठेवले तर लोक आकड्यांशिवायच अर्थ लावतात, आणि तो नेहमी जास्त वाईट असतो.

बंद होण्याच्या आराखड्यात या विहिरींना मालमत्तेच्या यादीत जागा हवी. यंत्रे, इमारती, रस्ते कुणाकडे जाणार हे त्यात बारकाईने लिहिलेले असते. निरीक्षण विहिरींचे नाव नसते, आणि डंप सपाट करताना बुलडोझरखाली त्या पहिल्या जातात. कुठल्या विहिरी राहणार, त्यांच्या किल्ल्या, थरलेख आणि उंच्या कोणाच्या ताब्यात, पाणीपातळी पूर्ण भरेपर्यंत आणि त्यानंतर किती वर्षे कोण नमुने घेणार, मोडलेली विहीर कोणाच्या पैशाने पुन्हा खणणार, हे लिहून, तेवढ्या वर्षांची रक्कम आधीच बाजूला ठेवून घेतल्याशिवाय शेवटचा पंप बंद करायची परवानगी देऊ नये.